जुगारयंत्राचें अक्षहृदय

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत एक छोटासा प्रसंग आहे. गणिताच्या इतिहासकारांनीं त्याची कौतुकानें दखल घेतली आहे. द्यूतांत राज्य गमावून बसलेला नल राजा बाहुक हें नांव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्णाच्या पदरीं सारथि म्हणून राहिला होता. विदर्भाच्या वाटेवर रथ धांवत असतांना ऋतुपर्णानें बेहड्याच्या एका वृक्षाकडे दृष्टि टाकली आणि त्याच्या पानांची व फळांची संख्या तेथल्या तेथें सांगून टाकली. बाहुकाला तें खरें वाटेना. त्यानें रथ थांबवून मोजदाद केली, तों संख्या अचूक जुळली. मग ऋतुपर्णानें त्याला 'अक्षहृदय', म्हणजे फांशांचें मर्म, शिकविलें आणि तें शिकतांच कलि नलाचा देह सोडून बाहेर पडला. बेहड्याचीं फळें हेच त्या काळचे फांसे. तेव्हां मोजण्याची विद्या आणि फांशांची विद्या यांची सांगड कथाकारानें घातली ती सहेतुक असली पाहिजे. ज्याला संख्या कळली त्याच्या अंगांतून कलि निघून जातो, असा त्या कथेचा मथितार्थ सांगतां येईल.

पाश्चात्य देशांत सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वी जुगाराचें एक नवें साधन निघालें. त्यांत समोर शकुनि बसलेला नसतो, पट मांडलेला नसतो आणि हातांत फांसेहि नसतात. भिंतीशीं एक पेटी उभी असते. फटींत नाणें टाकावें, दांडा ओढावा, आंतील चक्रें गरगर फिरून थांबलीं म्हणजे त्यांवरील चित्रें पाहावीं, एवढाच खेळ. या पेटीला स्लॉट मशीन म्हणतात. तिच्या बाजूला असलेल्या एकुलत्या एका दांड्यामुळें अमेरिकन लोकांनीं तिला 'एकहाती दरोडेखोर' असें नांव ठेवलें. हा दरोडेखोर किती लुटतो आणि कोणत्या रीतीनें लुटतो, हें दोन संख्यांवर ठरतें. एकीला परतीचें प्रमाण म्हणतात आणि दुसरीला संख्याशास्त्रांत विचरण म्हणतात. रांगेनें मांडलेल्या यंत्रांतून एखादें यंत्र निवडणारा मनुष्य वस्तुतः या दोन संख्यांचीच निवड करीत असतो; मात्र बहुधा त्याला तें ठाऊक नसतें. तें ठाऊक होऊं नये म्हणून काय काय घडलें, हाच या यंत्राचा इतिहास होय.

१८९१ सालीं ब्रुकलिन येथें सिटमन व पिट या जोडीनें असें एक यंत्र तयार केलें. त्यांत पांच नळकांडीं असून त्यांवर मिळून पन्नास पत्ते चिकटविलेले असत. पांच सेंटांचें नाणें टाकून दांडा ओढला म्हणजे पांच पत्ते समोर येत आणि ते पोकर या खेळाच्या नियमांनीं जुळले तर खेळणाऱ्याला बक्षीस मिळे. पण तें बक्षीस यंत्र देत नसे. गुत्त्याचा मालक एखादा बिअरचा पेला किंवा चिरूट हातावर ठेवी. आतां पत्त्यांचा जोड बावन्नांचा असतो आणि यंत्रावर पत्ते पन्नासच. सामान्यतः वगळलेले दोन पत्ते म्हणजे इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा एकाच रंगाचा क्रम हा पोकरमधील सर्वांत मोठा डाव. तो चार प्रकारांनीं लागूं शकतो. हे दोन पत्ते गेल्यामुळें त्यांपैकीं दोन प्रकार अशक्यच झाले. पेटीसमोर उभा राहून कोणी पन्नास पत्ते मोजले असते तर ही लबाडी तेव्हांच उघडकीस आली असती. पण मोजीत बसायला गुत्त्यांत कोण येतो?

पोकरच्या डावांचे प्रकार इतके असतात कीं, ते ओळखून आपोआप पैसे देणें त्या काळच्या यंत्राला साधणारें नव्हतें. ही अडचण चार्ल्स फे यानें दूर केली. फे हा मूळचा बव्हेरियाचा. सॅन फ्रान्सिस्को शहरांत त्याची यंत्रशाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पांच-सहा वर्षांत त्यानें 'लिबर्टी बेल' नांवाचें यंत्र बनविलें. पांचांच्या जागीं तीन चक्रें आणि पत्त्यांच्या जागीं घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक, बदाम व घंटा अशीं मोजकीं चित्रें त्यानें ठेवलीं. तीन घंटा एका ओळींत आल्या म्हणजे पांच सेंटांचीं दहा नाणीं यंत्रांतून खळखळत बाहेर पडत. चित्रें थोडीं, जुळण्या थोड्या, म्हणून यंत्राला त्या ओळखतां येत. मधला गुत्तेदार नाहींसा झाला. पुढच्या सर्व स्लॉट मशीनांचा हाच मूळपुरुष.

अशा यंत्राचें गणित शाळकरी मुलालाहि करतां येण्याजोगें असतें. समजा, प्रत्येक चक्राला दहा थांबे आहेत. तर तीन चक्रांच्या मिळून दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे १,००० जुळण्या होतात आणि त्या सर्व सारख्याच संभवनीय असतात. कोणत्या जुळणीला किती नाणीं मिळतात तें लिहावें आणि हजार जुळण्यांच्या बक्षिसांची बेरीज करावी. ती ७५० नाणीं भरली तर हजार नाणीं टाकणाऱ्याच्या पदरांत सरासरीनें साडेसातशें परत पडतात, अडीचशें मालकाच्या पेटींत राहतात. म्हणजे परतीचें प्रमाण शेंकडा ७५ झालें. चक्रें डोळ्यांना दिसतात, चित्रें मोजतां येतात, तेव्हां चिकाटीच्या मनुष्याला हें अक्षहृदय हस्तगत करून घेणें अवघड नव्हतें.

या हिशेबामागील तत्त्व फार जुनें आहे. १६५४ सालीं पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनीं अर्धवट सोडलेल्या डावांतील रक्कम कशी वांटावी याविषयीं पत्रव्यवहार केला. तोच धागा धरून हॉलंडच्या ह्युगेन्सनें १६५७ सालीं द्यूतगणितावर छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बक्षिसाची रक्कम व तें मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार म्हणजे त्या आशेचें मोल, हा विचार रूढ केला. १७१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या याकोब बर्नुलीच्या ग्रंथानें त्यापुढची पायरी गांठली: प्रयोग जितके अधिक तितकी प्रत्यक्ष सरासरी या मोलाच्या जवळ जाते. जुगारगृहाचा सारा व्यापार बर्नुलीच्या या सिद्धान्तावर उभा आहे. मालक हजारों यंत्रांवर लाखों फेऱ्या पाहतो. त्याच्यापुरतें नशीब उरतच नाहीं, उरतो तो केवळ हिशेब. खेळणारा मात्र एका संध्याकाळीं कांहीं शें फेऱ्याच खेळतो आणि तेवढ्यांत नशिबाला वाव असतो, म्हणून तर तो येतो.

परतीच्या प्रमाणाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. शेंकडा ९० परत म्हणजे शंभर रुपये घेऊन गेलेला मनुष्य नव्वद घेऊन घरीं येईल, असें पुष्कळांना वाटतें. पण हें प्रमाण खिशांतील रकमेचें नसून दर वेळीं लावलेल्या रकमेचें असतें. शंभर रुपये एकदां फिरवले म्हणजे सरासरीनें नव्वद हातीं येतात. तेच नव्वद पुन्हां फिरवले कीं एक्यायशीं. मग त्र्याहत्तरांच्या आंत. सातव्या वळशाअखेर शंभरांचे अठ्ठेचाळीसहि उरत नाहींत. आधुनिक यंत्रावर तासाभरांत सहाशें फेऱ्या सहज होतात. प्रत्येक फेरीला एक रुपया आणि परत शेंकडा ९० धरली, तर तासाची सरासरी किंमत साठ रुपये झाली. नाटकाच्या तिकिटावर दर छापलेला असतो. या तिकिटावर तो छापलेला नसतो, एवढाच फरक.

आतां दुसरी संख्या. परतीचें प्रमाण अगदीं सारखें असलेलीं दोन यंत्रें घटकाभर कल्पनेनें समोर ठेवावीं. पहिल्यावर दहा फेऱ्यांपैकीं सरासरीनें तीन फेऱ्यांत बक्षीस लागतें आणि तें तीन नाण्यांचें असतें. दुसऱ्यावर हजारांत एकदांच बक्षीस लागतें, पण तें ९०० नाण्यांचें. दोहोंकडे परत शेंकडा ९० च. तरी या दोन यंत्रांवर माणसांची गत निराळी होते. शंभर माणसांनीं पहिल्या यंत्रावर प्रत्येकीं शंभर फेऱ्या केल्या, तर बहुतेकांचें नुकसान दहा-वीस नाण्यांच्या आसपास राहील. वीस-बावीस जण थोड्याशा फायद्यांत उठतील. चाळीसाहून अधिक नाणीं घालविणारा एखाददुसराच निघेल. दुसऱ्या यंत्रावर शंभरांतील सुमारें नव्वद जण आपलीं शंभरच्या शंभर नाणीं गमावून रिकाम्या हातानें जातील आणि उरलेले नऊ-दहा जण आठशें नाण्यांचा फायदा घेऊन गांवभर सांगत सुटतील. सरासरी दोहोंकडे तीच; परंतु सरासरी ही कोणा एका माणसाच्या खिशांत नसते.

सरासरीच्या भोंवतीं निकाल किती दूरवर पसरतात याचें माप म्हणजे विचरण. वरील उदाहरणांत पहिल्या यंत्राचें विचरण दोनाच्याहि आंत भरतें, तर दुसऱ्याचें आठशेंच्या वर जातें. आर. ए. फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें १९१८ सालीं आनुवंशिकतेवरील निबंधांत या मापाला 'व्हेरिअन्स' हें इंग्रजी नांव दिलें. नांव नवें असलें तरी त्याचा प्रभाव जुनाच आहे. वरील खेळ दहा हजार फेऱ्यांपर्यंत चालू ठेवला तर पहिल्या यंत्रावर फायद्यांत असलेला एकहि मनुष्य व्यवहारतः सांपडणार नाहीं. दुसऱ्या यंत्रावर मात्र शंभरांतील सुमारें तीस जण अजूनहि फायद्यांत असतील. त्यांना आपण यंत्र जिंकलें, आपल्याला कांहीं युक्ति साधली, असें वाटत असेल. पण दहा लक्ष फेऱ्यांनंतर तेहि बहुतेक सारे तोट्यांत जातात. अधिक विचरण म्हणजे अधिक परत नव्हे. बर्नुलीच्या सिद्धान्ताचा तगादा येण्यास लागणारा उशीर, एवढाच त्याचा अर्थ.

येथून पुन्हां इतिहासाकडे वळलें म्हणजे पुढील घडामोडींचा अर्थ लागतो. १९०६ सालच्या एप्रिलमध्यें सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप होऊन आग लागली, तींत फेची यंत्रशाळा नष्ट झाली. शिकागोच्या हर्बर्ट मिल्सनें १९०७ पासून तीं यंत्रें मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. १९०९ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरानें आणि १९११ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें त्यांवर बंदी घातली. तेव्हां जुगाराच्या यंत्रानें मिठाईवाल्याचें सोंग घेतलें: नाण्याबद्दल चघळण्याचा गोंद देणारीं यंत्रें निघालीं आणि त्या गोंदाच्या स्वादांचीं द्योतक म्हणून चेरी, लिंबू, संत्रें, आलुबुखार अशीं फळांचीं चित्रें चक्रांवर आलीं. गोंदाच्या वेष्टनावरील व्यापारी चिन्हापासून 'बार' ही आडवी पट्टी आली. गोंद गेला, बंदीहि कोठें कोठें गेली, पण तीं फळें व ती पट्टी स्लॉट मशीनवर शतकभर टिकून राहिलीं. १९३४ सालीं न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला गार्डिया यांनीं जप्त केलेलीं यंत्रें स्वतः घण घेऊन फोडलीं आणि तीं समुद्रांत बुडविलीं. त्यापूर्वींच, १९३१ सालीं, नेवाडा संस्थानानें जुगार कायदेशीर करून टाकला होता. १९५१ च्या आरंभीं झालेल्या जॉन्सन कायद्यानें अशा यंत्रांची एका संस्थानांतून दुसऱ्यांत वाहतूक करण्यास मनाई केली. जेथें तीं कायदेशीर होतीं तीं ठिकाणें तेवढीं वगळलीं.

या साऱ्या काळांत लोखंडी यंत्राला एक नैसर्गिक मर्यादा होती, आणि ती खेळणाऱ्याच्या बाजूची होती. चक्राचा घेर मर्यादित. त्यावर वीस-बावीस थांबे मावत. वीस थांब्यांच्या तीन चक्रांच्या जुळण्या ८,००० होतात. याचा अर्थ, तीन चक्रांवर प्रत्येकीं एकच विशेष चित्र ठेवलें तरी तें बक्षीस आठ हजारांत एकदां लागणारच. बक्षीस आठ हजार नाण्यांचें ठेवलें तर सारी जमा त्यांतच संपेल. शिवाय यंत्राच्या नळींत मावतील तितकींच नाणीं तें आपोआप देऊं शके. म्हणून बक्षिसें लहान राहिलीं आणि विचरणहि आटोक्यांत राहिलें.

या दोन्ही मर्यादा एकामागून एक ढासळल्या. १९६३-६४ च्या सुमारास बॅली कंपनीच्या 'मनी हनी' या विजेवर चालणाऱ्या यंत्रानें नोकराच्या मदतीवांचून पांचशें नाण्यांपर्यंत बक्षीस देण्याची सोय केली. खरी क्रांति झाली ती १९८४ सालीं. त्या वर्षीं इंगे टेलनेस या संशोधकाला एका युक्तीचें पेटंट मिळालें. त्याच्या यंत्रांत चक्रें फिरत, परंतु तीं कोठें थांबावयाचीं हें चक्रें ठरवीत नसत. आंतील संगणक यादृच्छिक संख्या काढून तें ठरवी. दिसणाऱ्या चक्रावर बावीसच थांबे असले तरी संगणकाच्या मनांतील चक्रावर ६४ किंवा त्याहून अधिक स्थानें ठेवतां येत. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला चौसष्टांपैकीं एकच स्थान द्यावें आणि रिकाम्या जागांना अनेक स्थानें द्यावीं. मग ते चित्र तिन्ही चक्रांवर एकत्र येण्याची शक्यता ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे २,६२,१४४ फेऱ्यांत एकदां, अशी होते. खेळणाऱ्याला मात्र चक्रावर पूर्वीचींच बावीस चित्रें दिसतात. यंत्रांत प्रत्यक्षापेक्षां जिंकण्याची संधि अधिक आहे असें भासणें महत्त्वाचें आहे, हा हेतु त्या पेटंटच्या कागदांतच नमूद केलेला होता.

या युक्तीचा आणखी एक परिणाम झाला. बक्षिसाच्या चित्राला लागून असलेल्या वरच्या व खालच्या रिकाम्या जागांना पुष्कळ स्थानें दिलीं म्हणजे तें चित्र ओळीच्या केंसभर वर किंवा खालीं वारंवार येऊन थांबतें. खेळणाऱ्याला वाटतें, थोडक्यांत हुकलें! वास्तविक तेथें थोडक्यांत असें कांहींच नसतें. चक्र तेथें थांबतें कारण संख्येनें तें तेथें नेलेलें असतें. हरलेली फेरी मागाहून मुद्दाम 'हुकल्यासारखी' करून दाखविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रांवर नेवाडाच्या अधिकाऱ्यांनीं १९८९ सालीं बंदी घातली. परंतु कल्पित चक्राची युक्ति कायदेशीरच राहिली. सिटमन व पिट यांच्या पेटीवर वगळलेले दोन पत्ते निदान मोजून कळत. या नव्या वृक्षाचीं पानें मोजून संख्या जुळतच नाहीं. ऋतुपर्णानेंहि येथें हात टेकले असते.

आतां विचरण वाटेल तितकें वाढवितां येऊं लागलें. १९८६ सालीं नेवाडांत 'मेगाबक्स' नांवाची योजना निघाली. संस्थानभर पसरलेलीं यंत्रें तारांनीं जोडून प्रत्येक फेरींतील अल्प अंश एका सामायिक बक्षिसांत जमा होऊं लागला. २००३ सालच्या मार्चमध्यें लास व्हेगास येथें एका तरुणाला या योजनेंत ३ कोटि ९७ लक्ष डॉलर मिळाले. त्याचें छायाचित्र जगभर छापून आलें. त्या बक्षिसाची शक्यता सुमारें पांच कोटि फेऱ्यांत एक होती, ही गोष्ट तितक्या ठळक अक्षरांत कोठें छापली गेली नाहीं. अशा यंत्राच्या परतीच्या प्रमाणांतील एक भाग त्या एका बक्षिसांतच अडकलेला असतो. म्हणून बाकीच्या सर्वांच्या वाट्याला प्रत्यक्षांत येणारी परत छापील प्रमाणाहून कमीच असते.

दुसरीकडे उलट्या दिशेनेंहि प्रगति झाली, आणि ती अधिक विचार करण्यासारखी आहे. पडद्यावर चित्रें दाखविणाऱ्या यंत्रांत एकाच फेरींत वीस-पंचवीस ओळींवर पैसे लावतां येतात. कोणती ना कोणती ओळ जुळतेच. घंटा वाजतात, दिवे लागतात. पण वीस पैसे लावून आठ पैसे मिळाले तर तो बारा पैशांचा तोटा असतो, आणि यंत्र त्याचा विजयोत्सव करीत असतें. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, अशा वेषांतरित पराभवानें होणारी शरीराची उत्तेजना खऱ्या विजयाच्या उत्तेजनेसारखीच असते. अशा यंत्राचें विचरण कमी असतें. पैसा झटकन संपत नाहीं, थेंबाथेंबानें गळतो आणि मनुष्य तासन् तास खिळून राहतो. नताशा श्यूल या अमेरिकन विदुषीनें लास व्हेगासच्या जुगाऱ्यांचा अभ्यास करून २०१२ सालीं ग्रंथ लिहिला; त्यांत कित्येकांनीं आपण जिंकण्यासाठीं नव्हे तर खेळत राहण्यासाठींच खेळतों, अशी कबुली दिली आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सनें १९५६ सालीं क्लबांमध्यें हीं यंत्रें कायदेशीर केलीं. पुढें तीं त्या देशाच्या बहुतेक भागांत फैलावलीं. तेथील सरकारी उत्पादकता आयोगानें २०१० च्या अहवालांत असा अंदाज केला कीं, या यंत्रांवर खर्च होणाऱ्या रकमेपैकीं सुमारें शेंकडा ४० रक्कम व्यसनाधीन झालेल्या माणसांच्या खिशांतून येते. म्हणजे हें गणित केवळ पाटीवरचें नाहीं. त्याच्या एका बाजूला कुटुंबें उभीं आहेत.

मग यंत्राची निवड करणाऱ्यानें काय पाहावें? याला गणिताचें उत्तर सरळ आहे. ज्याला थोड्या पैशांत पुष्कळ वेळ करमणूक हवी आहे त्यानें परत अधिक व विचरण कमी असलेलें यंत्र घ्यावें, आणि तें सावकाश खेळावें. ज्याला एखादी मोठी रक्कमच हवी आहे त्याला कमी विचरण घातक ठरतें. लहान लहान फेऱ्यांत बर्नुलीचा नियम त्याला गांठतोच. डुबिन्स व सॅव्हेज या गणितज्ञांनीं १९६५ सालच्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, प्रतिकूल खेळांत ठराविक रक्कम गांठावयाची असेल तर थोड्या व मोठ्या डावांनीं खेळणें हें भित्रेपणानें खेळण्याहून बरें. परंतु दोन्ही सल्ल्यांच्या तळाशीं एकच वाक्य आहे: परत शंभराहून कमी असलेल्या यंत्रांतून निवड करणें म्हणजे हरण्याची पद्धत निवडणें होय, जिंकण्याची नव्हे.

हें उत्तर सरळ असलें तरी तें वापरण्यास लागणारी माहिती खेळणाऱ्याजवळ नसते. बाहेरून तंतोतंत सारखीं दिसणारीं दोन यंत्रें निरनिराळ्या परतीवर लावलेलीं असूं शकतात. खरा हिशेब निर्मात्याच्या कागदांत असतो आणि तो गुप्त ठेवतात; वॉटर्लूच्या संशोधकांना तसे कागद माहितीच्या अधिकाराखालीं मिळवावे लागले. नेवाडाच्या सरकारी आंकड्यांवरून एवढें मात्र दिसतें कीं, लहान नाण्यांच्या यंत्रांवर मालकाचा हिस्सा सामान्यतः मोठ्या नाण्यांच्या यंत्रांहून अधिक असतो; गरिबाला दर चढा पडतो. माहितीच्या अभावीं मग तर्कट सुरू होतात. पुष्कळ वेळांत बक्षीस न दिलेलें यंत्र आतां 'पाळीला आलें' असें मानून लोक त्यावर गर्दी करतात. पण यंत्राला स्मरणशक्ति नसते. हजारांत एक शक्यता असलेलें बक्षीस नऊशें नव्याण्णव फेऱ्यांत लागलें नाहीं तरी पुढच्या फेरीला शक्यता हजारांत एकच राहते. तसें पाहिलें तर पहिल्या हजार फेऱ्यांत तें बक्षीस मुळींच न लागणारे लोक शंभरांत सदतीस असतात.

कायद्यानें या बाबतींत थोडेंफार केलें आहे. नेवाडाचा नियम परतीचें प्रमाण शेंकडा ७५ हून कमी ठेवूं देत नाहीं; न्यू जर्सीनें ती मर्यादा ८३ वर नेली. ब्रिटननें २०१९ सालीं पैजांच्या दुकानांतील यंत्रांवर एका फेरीला लावतां येणारी रक्कम शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आणली. त्यांत एक मर्म आहे: परतीचें प्रमाण न बदलतां केवळ डावाची रक्कम घटविली तरी तासाचा तोटा घटतो. आपल्याकडे कौटिल्यानें द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखालीं एकाच ठिकाणीं जुगार चालवावा, जिंकणाऱ्याकडून शेंकडा ५ घ्यावे आणि खोट्या फांशांना दंड करावा, असें सांगून ठेवलें आहे. तो कर सर्वांना ठाऊक होता, आणि तोच मुद्दा मोलाचा आहे. अर्वाचीन काळांत गोव्यानें आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यांत १९९२ सालीं दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनांना वाट करून दिली. महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोसंबंधीं कायदा केला, पण तो कधींच अंमलांत आणला नाहीं आणि २०२३ सालीं रद्दहि करून टाकला. मात्र दरम्यान तेंच यंत्र दूरध्वनीच्या पडद्यावर अवतरून घराघरांत शिरलें होतें. २०२५ सालीं भारतीय संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला.

बंदी आली म्हणून मोजण्याची गरज संपत नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंत बंदी आली तेव्हां त्याच पेटीनें गोंदाच्या दुकानाचें सोंग घेतलें होतें. सोंगें पुढेंहि निघतील. सोडत, बक्षीसयोजना, 'हमखास' नफ्याचें आमंत्रण, कशाहि रूपानें तें दारीं आलें तरी विचारावयाचे प्रश्न तेच राहतात: लावलेल्या प्रत्येक शंभरांपैकीं परत किती येतात, ते कितींना मिळून येतात, आणि तासाला किती शंभर फिरतात. ज्या घरांत मुलांना त्रैराशिक शिकवितात त्या घरांत हे तीन प्रश्नहि शिकवितां येतील. उत्तर देण्यास समोरचा तयार नसेल, तर तोच त्याचा खरा जबाब समजावा.